‘चर्पटपंजरी’च्या कसोटीवर मराठीचे शब्दकोश

मराठी शब्दकोश विकत घ्यायचा तर कोणता, हा प्रश्न नाशिकमध्ये दोन प्रकारच्या लोकांकडून हमखास येतो. एक, स्पर्धा परीक्षेची किंवा एम. ए. मराठीची तयारी करणारी मुलं. दुसरे, जुनी पुस्तकं, जुने अग्रलेख, जुनी नाटकं वाचणारे आणि मध्येच एखाद्या शब्दापाशी अडणारे. दोघांनाही ‘सगळे कोश चांगलेच आहेत’ हे उत्तर निरुपयोगी आहे. म्हणून इथे एकच शब्द घेऊन हाताशी असलेले कोश तपासले आहेत. शब्द आहे ‘चर्पटपंजरी’.

हाच शब्द घेण्याला कारण आहे. अर्थ बहुतेकांना अंदाजाने कळतो: वायफळ, लांबलेली, ऐकणाऱ्याला नकोशी झालेली बडबड. पण तो कसा लिहायचा, कोणत्या क्रियापदाबरोबर येतो, थापेला चर्पटपंजरी म्हणता येतं का आणि मुळात हे भारदस्त संस्कृत नाव बडबडीला चिकटलं कसं, या चार प्रश्नांवर अंदाज तोकडा पडतो. चांगल्या कोशाने या चारही ठिकाणी वाचकाला मदत करायला हवी.

निकाल आधीच सांगतो. घरात एकच कोश ठेवायचा असेल तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. कपाटात जागा नसेल आणि इंग्रजी वाचायला अडचण नसेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. व्युत्पत्तीच्या कुतूहलासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा कोश उत्तम, पण या विशिष्ट शब्दासाठी तो पहिला उघडू नये. मोबाइलवरची शोधयंत्रं फुकट आहेत, वेगवान आहेत, आणि शब्द टंकण्यातल्या एका बारीक फरकाने वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवणारीही आहेत.

आता शब्दाकडे नीट पाहू, कारण कोशाचं मोजमाप त्यावरच आहे.

‘चर्पटपंजरिका’ हे आदि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या एका संस्कृत स्तोत्राचं नाव आहे. ‘दिनमपि रजनी सायं प्रातः शिशिरवसन्तौ पुनरायातः’ असं ते सुरू होतं आणि दर कडव्यानंतर ‘भज गोविन्दं भज गोविन्दं भज गोविन्दं मूढमते’ हे पालुपद येतं. आज आपण ‘भज गोविंदं’ या नावाने जे ऐकतो त्यात चर्पटपंजरिका आणि द्वादशपंजरिका अशा दोन स्तोत्रांची कडवी एकत्र आलेली असतात. त्यालाच ‘मोहमुद्गर’ असंही म्हणतात. परंपरेतली गोष्ट अशी सांगतात की काशीत एक म्हातारा व्याकरणाचे धातू घोकत बसला होता आणि त्याला उद्देशून हे म्हटलं गेलं. ‘नहि नहि रक्षति डुकृङ्करणे’ या ओळीतला ‘डुकृञ् करणे’ हा पाणिनीच्या धातुपाठातला उच्चार आहे: ‘कृ’ हा धातू ‘करणे’ या अर्थी. मागचापुढचा ‘डु’ आणि ‘ञ्’ ही व्याकरणाच्या सोयीची चिन्हं. मरण दाराशी आल्यावर हे पाठांतर कामाला येणार नाही, असा त्या ओळीचा रोख आहे.

म्हणजे पोकळ घोकंपट्टीवर ज्या स्तोत्राने आघात केला, त्याचंच नाव मराठीत पोकळ बडबडीला मिळालं. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. मराठीने धार्मिक ग्रंथांची आणि पठणांची नावं लांबणीच्या अर्थाने सर्रास वापरली आहेत. ‘आता तुझं पुराण पुरे’, ‘एवढ्याशा गोष्टीचं रामायण केलं’, ‘भारूड लावू नको’, ‘गप्पाष्टक’ ही सगळी त्याच घरातली. पुन:पुन्हा येणारं पालुपद, एका चालीत धावणारी ओळ आणि अर्थाकडे लक्ष न देता केलेलं पाठांतर, यावरून ही अर्थछटा तयार होते. ‘चर्पट’ या उच्चाराचाही हातभार आहे. तोंडाचा पट्टा चालल्याचा आवाज त्यातच ऐकू येतो.

‘चर्पट’ या पहिल्या भागाचे संस्कृत कोशांत उघडा तळहात, सपाट असे अर्थ मिळतात. ‘चर्पटी’ म्हणजे पातळ पोळी. पण स्तोत्राच्या आतच हा शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो, आणि ती जागा प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे: ‘रथ्याचर्पटविरचितकन्थः’. रस्त्यावर पडलेल्या चिंध्यांची जोडून शिवलेली गोधडी पांघरणारा, असं ते विरक्त माणसाचं वर्णन आहे. काही पाठांत इथे ‘चर्पट’ऐवजी ‘कर्पट’ आहे. कर्पट म्हणजे फाटकं वस्त्र, आणि आपला रोजचा ‘कापड’ हा शब्द याच ‘कर्पट’पासून आला. एका अक्षराच्या पाठभेदात एक पूर्ण विस्मृतीत गेलेला शब्द आणि एक रोजच्या वापरातला शब्द शेजारी शेजारी उभे राहतात. कोश वाचण्याचा आनंद तो हाच.

दुसरा भाग ‘पंजर’. पिंजरा, सांगाडा हा त्याचा अर्थ. स्तोत्रांच्या नावांत तो रक्षण करणाऱ्या पिंजऱ्याच्या अर्थाने येतो. पंचवटीत रोज रामरक्षा म्हणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: ‘वज्रपंजरनामेदं यो रामकवचं स्मरेत्’. रामरक्षेचं एक नाव वज्रपंजर आहे ते याच शब्दाने. ‘विष्णुपंजर’ही तसंच. त्यामुळे ‘पंजरी’ हा भाग पाहिला की हे नाव स्तोत्राचं आहे हे ओळखता येतं.

ही ओळख नाशिककरांना एका चुकीपासून वाचवते. त्र्यंबकेश्वर जवळ, निवृत्तिनाथांची समाधी तिथे, ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केल्याची परंपरा, घराघरांत नवनाथांची पोथी; त्यामुळे ‘चर्पट’ म्हटलं की नवनाथांतले चर्पटीनाथ आठवतात आणि शब्द त्यांच्यावरून पडला असं सहज सांगितलं जातं. पण मराठी शब्द नुसता ‘चर्पटी’ नाही. त्यात ‘पंजरी’ आहे, आणि हे जोडनाव जसंच्या तसं स्तोत्राचं आहे. नाथांच्या नावात तो अर्धा भाग कुठेच नाही. नावातला एक तुकडा जुळला म्हणून नातं जोडू नये, पूर्ण शब्द जुळला पाहिजे.

वापर पाहू. शब्द स्त्रीलिंगी आहे आणि नाम आहे. ‘चर्पटपंजरी लावणे’, ‘चर्पटपंजरी सुरू करणे’, ‘चर्पटपंजरी चालू असणे’ ही त्याची नेहमीची रूपं. ‘पुरे कर ती चर्पटपंजरी, मुद्द्याचं बोल.’ ‘सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला राहिला आणि गेल्या वर्षीच्या हिशेबाची चर्पटपंजरी सुरू झाली.’ ‘नाशिकरोड येईस्तोवर शेजारच्या सीटवरची चर्पटपंजरी थांबली नाही.’ ही वाक्यं स्वाभाविक आहेत. ‘चर्पटपंजरी भाषण’ असं विशेषणासारखं लावलं की कानाला खटकतं. ‘भाषण कसलं, नुसती चर्पटपंजरी’ असं म्हणावं. वडीलधाऱ्यांच्या तोंडावर हा शब्द वापरत नाहीत. मोठ्यांनी लहानांना, बरोबरीच्याने बरोबरीच्याला किंवा लेखात परोक्ष, एवढीच त्याची जागा.

छटा मात्र जपायला हवी. चर्पटपंजरीत दोन गोष्टी लागतात: लांबी आणि पोकळपणा. एका वाक्यात मारलेली थाप ही चर्पटपंजरी नव्हे. लोकांना फसवण्यासाठी रचलेलं खोटं म्हणजे ‘थोतांड’. सकाळी मोबाइलवर येणारा, अमुक पाण्याने तमुक रोग बरा होतो असं सांगणारा निरोप थोतांडात जमा होतो. बिनबुडाची गोष्ट म्हणजे ‘भाकडकथा’. दूध आटलेल्या गाई-म्हशीला भाकड म्हणतात, तसं हाती काही न देणारी कथा. ‘बाष्कळ’ हे विशेषण आहे आणि पोरकट, अर्थहीन बोलण्याला लागतं. ते ‘बाष्फळ’ असंही लिहिलेलं सापडतं, म्हणून कोशात दोन्ही जागी पाहावं. ‘चऱ्हाट’ म्हणजे जाड दोरखंड. चऱ्हाट वळणे यात लांबीवर भर आहे, बोलणं खोटं किंवा मूर्खपणाचं असेलच असं नाही. ‘गुऱ्हाळ’ही तसंच, फक्त ते अनेकांनी मिळून चालवायचं असतं: चर्चेचं गुऱ्हाळ होतं, एकट्या माणसाचं होत नाही. ‘बरळणे’ला शुद्ध नसण्याची छटा आहे. आज तरुणांच्या बोलण्यात या सगळ्यांच्या जागी ‘बकवास’ आणि ‘भंकस’ हे दोनच शब्द उरलेत, आणि त्याचं वाईट वाटतं. वेगवेगळ्या दोषांना वेगवेगळी नावं असण्याची सोय आपण हातची घालवतो आहोत.

या कसोटीवर पहिला मान दाते-कर्व्यांचा. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंड काढले, आणि पुढे १९५० मध्ये पुरवणी खंड आला. लाखाहून जास्त शब्द आहेत. नोंदीची रचना एकदा समजून घेतली की हा कोश झपाट्याने वाचता येतो. शब्दानंतर लिंग किंवा जात: ‘स्त्री.’, ‘पु.’, ‘न.’, ‘वि.’. मग अर्थ, आकडे घालून. ‘(ल.)’ म्हणजे लाक्षणिक अर्थ. एखाद्या ग्रंथाचं किंवा वस्तूचं नाव बडबडीला कसं लागलं हे पाहायचं तर नजर या खुणेवर हवी. ‘(क्रि.)’ म्हणजे सोबत येणारी क्रियापदं. आपल्या चारपैकी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं, आणि बहुतेक वाचक नेमकी हीच खूण ओलांडून पुढे जातात. त्यानंतर जुन्या ग्रंथांतली उदाहरणं, संक्षेपासह: ‘ज्ञा.’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘दा.’ म्हणजे दासबोध. बोलीभाषेचे शब्द ‘(व.)’ वऱ्हाडी, ‘(गो.)’ गोमंतकी अशा खुणांनी दाखवले आहेत. शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती.

दोष आहेत, आणि ते माहीत असायला हवेत. अक्षर बारीक, दोन स्तंभ, दाट छपाई. चाळिशीपुढच्या वाचकाने भिंग जवळ ठेवावं. लेखन जुन्या पद्धतीचं आहे: ‘करणें’, ‘बोलणें’, ‘नांव’. आपण आज पाळतो ते शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, पुढे १९७२ मध्ये वाढवलेले. हा कोश त्याआधीचा. संक्षेपांची यादी पाहिल्याशिवाय नोंदी अर्ध्या कळतात. व्युत्पत्तीचा कंस सर्वांत कमी भरवशाचा. ‘[सं.]’ एवढंच लिहिलेलं असलं तर तो शब्द संस्कृतातून आला इतकंच कळतं, कोणत्या वाटेने आला हे कळत नाही. ज्या शब्दाची पूर्ण कहाणी हवी, त्यासाठी दुसरं पुस्तक उघडावंच लागतं.

कागदी कोशात शब्द न सापडण्याचं नेहमीचं कारण क्रमाचं असतं. ‘चर्पटपंजरी’ चरक, चरखा, चरण, चरबी यांच्या रांगेत शोधाल तर मिळणार नाही. जोडाक्षराचा ‘र्’ हा ‘चर’च्या सगळ्या बाराखडीनंतर येतो. चराचर, चरित्र ओलांडून चर्चा आणि चर्म यांच्या मध्ये बघा. उलट ‘चरपट’ असं सुटं लिहिलेलं रूप शोधायचं असेल तर ते चरबीच्या आधी. अनुस्वाराच्या शब्दांचा क्रम कोशाकोशांत वेगळा आहे. ‘पंजर’ हा शब्द ‘प’च्या सुरुवातीला न दिसल्यास ‘पञ्ज’ जिथे पडेल तिथे पाहावा. आणि ‘पंजिरी’ असं लिहू नये. तो प्रसादाचा पदार्थ झाला.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. जेम्स टॉमस मोल्सवर्थने जॉर्ज आणि टॉमस कँडी या भावांसह, मराठी शास्त्र्यांच्या मदतीने तो केला. १८५७ ची दुसरी आवृत्ती वाढवलेली, आणि आज लोक वापरतात ती हीच. पहिलीत सुमारे चाळीस हजार शब्द, दुसरीत सुमारे साठ हजार. एकाच जाड खंडात सगळं मावतं ही मोठी सोय. शब्दापुढे लिंग, मग कंसात मूळ भाषेची खूण, मग इंग्रजी अर्थ, आणि कुठे कुठे मराठी क्रियापदं. या शेवटच्या गोष्टीसाठी तो आजही अमूल्य आहे. शास्त्र्यांच्या तोंडचं मराठी त्यात उतरलं आहे, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोक प्रत्यक्ष कसं बोलत हे कळतं. बडबड, वटवट, टकळी, पाल्हाळ अशा शब्दांचे बारकावे टिपायला तर मोल्सवर्थ फार बहारीचा. एकाच अर्थाचे चार इंग्रजी शब्द ओळीने देऊन तो छटा दाखवतो.

अडचण त्याच इंग्रजीची. ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं आहे. आजच्या विद्यार्थ्याला मराठी शब्दासाठी मोल्सवर्थ आणि मोल्सवर्थच्या इंग्रजीसाठी आणखी एक कोश, अशी दुहेरी खटपट करावी लागते. १८५७ नंतर रूढ झालेले शब्द आणि अर्थ त्यात असण्याचा प्रश्नच नाही. १९७५ मध्ये पुण्याहून शुभदा-सारस्वतने काढलेलं पुनर्मुद्रण जुन्या पुस्तकांत अजून मिळतं. घेताना तेच बघा. विद्यार्थ्याला नुसता अर्थ हवा असेल तर वझे यांचा १९११ चा आर्यभूषण शालेय कोश आटोपशीर आहे. व्युत्पत्तीची भूक त्यावर भागत नाही.

कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ चा. याच्याबद्दल आदर राखूनच सांगायला हवं की लोक तो चुकीच्या शब्दांसाठी उघडतात आणि मग निराश होतात. या कोशाचं बळ तद्भव आणि देशी शब्दांत आहे. संस्कृत शब्द प्राकृतात घासून, झिजून मराठीत कसा आला, कर्पटचं कप्पड आणि कप्पडचं कापड कसं झालं, हा त्याचा प्रांत. ‘चर्पटपंजरी’ मात्र तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून जवळपास जशीच्या तशी आलेली. ती झिजलीच नाही. शेवटचा ‘का’ गळाला एवढंच. तिथे रूप बदललेलं नाही, अर्थ बदलला आहे. आणि अर्थाच्या प्रवासाचा शोध ध्वनिबदलाच्या कोशात घेता येत नाही. त्यासाठी मूळ स्तोत्र आणि दाते-कर्व्यांची ‘(ल.)’ ही खूण, या दोन गोष्टी पुरेशा आहेत. ‘चापट’, ‘चपटा’, ‘कापड’, ‘पिंजरा’ या शेजारच्या शब्दांकडे वळलात की मग कुलकर्णींचा कोश हातातून सुटत नाही.

वाक्प्रचारांसाठी दाते-कर्वे यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आहे, दोन भागांत, १९४२ आणि १९४७ चा. चऱ्हाट वळणे, अकलेचे तारे तोडणे, मुक्ताफळं उधळणे अशी दोन-तीन शब्दांची रूपं शोधायची असतील तर मुख्य कोशापेक्षा हा बरा. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश, १९९९ चा, सुमारे १३५० पर्यंतच्या मराठीपुरता आहे. महानुभाव गद्य किंवा ज्ञानेश्वरी अभ्यासणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. एरवीच्या वाचकाला त्याची गरज पडत नाही.

आता मोबाइल. दाते-कर्वे, मोल्सवर्थ, वझे आणि तुळपुळे-फेल्डहाऊस हे कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. ‘बृहद्कोश’ या मराठी संकेतस्थळावर अनेक कोशांतल्या नोंदी एका शोधात समोर येतात. रोजच्या कामाला ते जास्त सोयीचं, कारण दोन कोशांतले अर्थ एकाखाली एक वाचता येतात. आमचा सल्ला असा की सुरुवात तिथून करावी आणि अर्थावरून वाद असेल तेव्हा छापील पान पाहावं. यंत्रात उतरवताना अनुस्वार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात.

‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं तर शब्द कोशात नाही असं लगेच समजू नका. तीन गोष्टी तपासा. पहिली, जुना अनुस्वार: ‘बरळणे’ टाकून मिळालं नाही तर ‘बरळणें’ टाका, किंवा नुसतं ‘बरळ’ टाकून पुढचं यंत्राला शोधू द्या. दुसरी, ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’. ‘चऱ्हाट’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवलेला असतो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, एकदा साध्या ‘र’पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. हिंदी कळफलकावर तर ‘चर्हाट’ असा रफार पडतो आणि तिसराच शब्द तयार होतो. अशा वेळी कोशातल्या दुसऱ्या एखाद्या ‘ऱ्ह’च्या नोंदीतून अक्षर उचलून चिकटवणं हा सर्वांत सोपा उपाय. तिसरी गोष्ट, ळ आणि ल: ‘बाष्कळ’ आणि ‘बाष्कल’ दोन्ही टाकून पाहा. स्तोत्र शोधायचं असेल तर मराठी ‘पंजरी’ न टाकता संस्कृत लेखनाप्रमाणे ‘चर्पटपञ्जरिका’ टाका. नाहीतर ‘भज गोविंदं’च्या गाण्यांखाली मूळ पाठ दडून राहतो.

नाशिकमध्ये छापील कोश बघायचे तर पहिली जागा टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं. जाण्याआधी हवे ते कोश आणि खंड संदर्भ विभागात पाहायला मिळतील का, हे विचारून घ्यावं. संदर्भग्रंथ सहसा तिथेच बसून पाहायचे असतात. जाताना शोधायच्या शब्दांची यादी अकारविल्हे लावून न्या. सात खंड एकामागून एक मागण्यापेक्षा एका खंडातले सगळे शब्द एकदम पाहून होतात, आणि देणाऱ्यालाही त्रास कमी. शब्द उतरवून घेताना कोशाचं नाव, खंड, पान आणि आवृत्तीचं वर्ष त्याच ओळीत लिहा. पुनर्मुद्रणात पानांचे आकडे बदललेले असू शकतात.

विकत घेणार असाल तर महाराष्ट्र शब्दकोशाचं वरदा बुक्सचं पुनर्मुद्रण शोधावं. नवा पूर्ण संच स्वस्त नाही. किंमत आणि खंडांची संख्या दोन्ही आधी विचारावी. जुना संच घेताना मात्र घाई करू नये. प्रत्येक खंडाचा शेवटचा शब्द आणि पुढच्या खंडाचा पहिला शब्द लागून येतात का ते बघा. दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांचे खंड एकत्र करून विकलेले असतात आणि मधलाच एक नसतो. संक्षेपांची यादी फाटलेली नाही ना, हे पाहा. ती पानं सर्वांत जास्त हाताळली जातात, म्हणून तीच आधी सुटतात. मग फर्मे, म्हणजे एकत्र घडी घालून बांधलेले पानांचे जुडगे, मोजा. सोळा पानांचा एक फर्मा धरून पानांचे आकडे सलग आहेत का ते भराभर चाळावं. बांधताना एखादा फर्मा दोनदा लागतो आणि शेजारचा राहून जातो. असा खंड वरून अगदी नवा दिसतो.

कणा वाकवून पाहा. जुजबंदी शिलाई, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवलेले, असेल तर पुस्तक सपाट उघडतं आणि पुन्हा बांधताही येतं. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पुस्तक कोश म्हणून दोन-तीन वर्षांच्या वर टिकत नाही, कारण कोश मधूनच उघडला जातो. कसरीची बारीक छिद्रं पानांच्या कडेला असतील तर चालून जातं. ती अक्षरांपर्यंत पोचली असतील तर घेऊ नये. वाळवीचा माग दिसला तर कितीही स्वस्त मिळत असला तरी तो खंड घरच्या कपाटात आणू नका. आपल्याकडे पावसाळ्यात भिंती दमट होतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावं, सर्वांत खालचा कप्पा रिकामा सोडावा, आणि पावसाळा सरल्यावर खंड उन्हात न ठेवता सावलीत उघडून वारा लागू द्यावा. पुरवणी खंड सातव्याला जोडून एकत्र बांधून घेऊ नका. तो वेगळा असला तरच लक्षात राहून उघडला जातो, आणि मुख्य खंडांत सुटलेले शब्द त्यातच आहेत.